अन्नसाखळी तोंडपाठ, तरी धामण दिसली की काठी! लेकरांना शिकवावं कसं?

बांधावरची_शाळा

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यात गोदाकाठच्या एका गावात जिल्हा परिषद शाळेवर आहे, पाचवी ते सातवी मिळून ३४ लेकरं. प्रश्न जरा लांबण लावून विचारतोय, सांभाळून घ्या.

सजीव एकमेकांवर कसे अवलंबून असतात हा भाग दिवाळीच्या आधी घेतला. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार. फळ्यावर बाण काढले, वहीत उतरवून घेतले, उत्पादक भक्षक विघटक सगळं झालं. मग सुतळीचा खेळ पण घेतला, म्हणजे लेकरं गोल उभी करायची, प्रत्येकाच्या गळ्यात पाटी, कुणी गवत कुणी बेडूक कुणी पाणी, सुतळी ह्याच्याकडून त्याच्याकडं द्यायची आणि जाळं झालं की एकानं खाली बसायचं, ज्याला ओढ बसली त्यानं पण बसायचं. लेकरं लई खूश. मला पण वाटलं झालं, समजलं ह्यांना.

आठ दिवसांत किचनशेडमागच्या सरपणातून धामण निघाली. मी आत पोषण आहाराची नोंद भरत होतो, आरडाओरडा ऐकून बाहेर येईपर्यंत सातवीच्या पोरांनी ठेचून मोकळी पण केली होती. आणि पहिली काठी कुणी घातली तर जो आमच्या खेळात साप झाला होता त्यानंच. गळ्यात पाटी घालून हाच सांगत होता की मी उंदीर खातो म्हणून मी शेतकऱ्याचा मित्र. म्हणलं अरे हे काय केलंस, तर म्हणतो, "सर, ते पुस्तकातलं होतं."

त्यात सहावीतल्या एका मुलीनं वेगळंच विचारलं. "सर, गवतापासून घारीपर्यंत नुसतं खायचंच चाललंय, घारीला सगळ्यांची गरज आहे हे कळलं, पण गवताला घारीची काय गरज?" मी काहीतरी समतोल बिमतोल म्हणून वेळ मारून नेली. तिला पटलं नाही हे तिच्या तोंडावरच दिसत होतं, आणि खरं सांगू का, मलाही नाही.

आणि तिसरं, एक पालक रस्त्यात भेटून म्हणाले, "सर, फवारू नका म्हणून शिकवायलात का तुम्ही? पोरगं घरी येऊन मलाच शिकवायलंय." त्यांचं पण चूक म्हणता येत नाही.

प्रोजेक्टर आहे पण लाईटचा भरवसा नाही. पुस्तकाबाहेर, शिवारातच काय दाखवता येईल ते सांगा.

---

उंबराखाली

सर, मी निवृत्त शिक्षक, अंबाजोगाईकडचा. तुमच्या त्या मुलीला माझा नमस्कार सांगा आधी.

आपण अवलंबून असणं म्हणजे फक्त खाणं असं शिकवतो, तिथंच घोळ होतो. मी शेवटची बारा-तेरा वर्षं हा धडा उंबराखाली घ्यायचो. आपल्यात म्हण आहे ना, उंबर फोडून केंबरं काढायची. तेच करायचं, खरंखुरं. फळ पूर्ण लाल झालेलं घेऊ नका, त्यातली केंबरं उडून गेलेली असतात. हिरव्याचं नुकतं रंगावर यायला लागलेलं, जिथं अजून भोक पडलेलं नाही, असं घ्या आणि कागदावर फोडा. तिळाहून बारीक माशा चालायला लागतात. चावत नाहीत, भिऊ नका.

मग लेकरांना सांगायचं की हे फळ दिसत असलं तरी ही फुलांची बंद मूठ आहे. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही म्हणतो ते ह्याच्यामुळं, ते आत आहे. ही केंबरी मादी तोंडाकडच्या बारक्या छिद्रातून आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात, म्हणजे ती परत येण्यासाठी जातच नाही. आधीच्या फळातून आणलेले परागकण ती आतल्या फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते. अंड्यातून आधी नर निघतात, त्यांना पंखच नसतात, ते बाहेरच्या जगात येतच नाहीत म्हणा ना, माद्यांशी जुळतात, बाहेर पडायला बोगदा कोरतात आणि संपतात. माद्या पराग घेऊन उडतात आणि त्यांच्या हातात एक-दोन दिवस असतात दुसरं उंबर शोधायला. ह्या केंबऱ्याशिवाय उंबराला बी नाही आणि उंबराशिवाय केंबऱ्याला घर नाही.

आता गंमत अशी की एका झाडावरची फळं साधारण एकदमच तयार होतात, म्हणून बाहेर पडलेल्या मादीला बहुतेक वेळा दुसरंच झाड गाठावं लागतं. हे सांगून झालं की मी लेकरांना शिवारातली उंबरं मोजायला लावायचो. आमच्या गावात एका वर्षी सात निघाली, त्यातलं एक रस्त्यात गेलं. पोरांनी मोजलेलं होतं म्हणून पोरांनाच ते कळलं, मोठ्यांना पत्ता नव्हता.

आणि झाडाखाली अर्धा तास गप्प बसवा. जमणार नाही, पण दहा मिनिटं तरी बसतील. हरियाल, तांबट, कोकिळा, बुलबुल, खार, खाली पडलेल्याला शेळी, शेळीनं सोडलेल्याला मुंगी. रात्री वटवाघळं, ती घरी विचारून या म्हणायचं. वहीत साखळी निघत नाही ह्याची, गुंता निघतो. निघू द्या.

---

ओमची_आई

आमचा दुसरीतला आता घरात पाल मारू देत नाही. डास खाते म्हणे. काल पाल पिठाच्या डब्यावर होती तर मलाच दम दिला. सर लोकांनो जरा सांभाळून शिकवा 😀

---

काळ्या_रानाची

मी शिक्षिका नाही, लातूर जिल्ह्यात शेती करते, सोयाबीन तूर हरभरा. सर तुम्ही त्या पालकाचं चूक म्हणता येत नाही असं लिहिलं ते वाचून बरं वाटलं, नाहीतर शहरातले लोक फवारा म्हणलं की आम्हाला गुन्हेगारच समजतात. फवारा हौसेनं मारत नाही कुणी, औषधाचा खर्च आहे, मजुरी आहे, मारणाऱ्याच्या अंगाची आग होते ती वेगळीच. म्हणून लेकराला "बाबांना सांग फवारू नका" असं पाठवूच नका. "मोजून ये" म्हणून पाठवा.

म्हणजे असं, आता तूर फुलोऱ्यात आहे. झाडाखाली जुनी चादर अंथरायची आणि झाड हळू हलवायचं. हे आम्ही करतोच, अळ्या खाली पडतात. पण आम्ही फक्त अळ्या बघतो. लेकरांना म्हणावं पडलं ते सगळं मोजा, अळ्या किती, कोळी किती, ढालकिडे किती. ढालकिडा म्हणजे तो लाल पाठीवर काळे ठिपकेवाला, त्याची पिल्लं काळी काटेरी, आणि ती पिल्लंच मावा (पिकाचा रस शोषणारी बारीक कीड) जास्त खातात पण दिसायला इतकी वंगाळ की नवखा माणूस कीड समजून मारतो, मी पण मारायचे आधी. हरभऱ्यात ओळीच्या एका मीटरमध्ये एक-दोन घाटेअळ्या दिसायला लागल्या की फवारणीचा विचार करा असं कृषी खात्यावाले सांगतात, म्हणजे त्याच्या खाली असेल तर थांबता येतं. लेकरू आकडा घेऊन घरी गेलं तर बाप ऐकतो, उपदेश घेऊन गेलं तर चिडतो. माझ्या घरचाच अनुभव आहे.

दुसरं पक्षी थांबे. आमच्याकडं जुनी माणसं हरभरा पेरताना बियाण्यात मूठभर ज्वारी टाकायची. कामून टाकता म्हणलं तर नीट सांगता यायचं नाही, असतंय तसं म्हणायचे. ज्वारीचं ताट उंच होतं, त्यावर कोतवाल, साळुंकी, वेडा राघू येऊन बसतो आणि खाली झेप टाकून अळी उचलतो. शाळेच्या जवळच्या कुणाच्या रानात चार इंग्रजी टी आकाराच्या काठ्या रोवा आणि लेकरांना सकाळी अर्धा तास लांबून मोजायला लावा, कोतवाल किती वेळा खाली उतरला. एवढंच.

आणि गाठी! हरभऱ्याचं एक झाड माती न झटकता, ओल्यात, अलगद उपटायचं, मुळावर बारक्या गाठी असतात, नखानं फोडायच्या. आत गुलाबी निघाली तर ती कामाची, पांढरी किंवा हिरवट-तपकिरी निघाली तर ती नुसती नावाला. आत रायझोबियम जिवाणू राहतो, तो हवेतला नत्र झाडाला वापरता येईल असा करून देतो, झाड त्याला साखर देतं. गुलाबी रंग कशाचा तर आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीचंच एक द्रव्य असतं त्याच्यात. हे ऐकून माझा पुतण्या म्हणला काकू म्हणजे हरभऱ्याला रक्त आहे? परभणीच्या कृषी विद्यापीठात जिवाणू खताच्या बाटल्या मिळतात बियाण्याला लावायच्या, तुम्हाला तर जवळच आहे सर, एक आणून दाखवा. बाटलीत विकत घेतो म्हणलं की लेकरांना पटतं की हे काहीतरी खरं असणार.

---

शंकासूर

सर, राग नका मानू पण तो सुतळीचा खेळच मला गंडलेला वाटतो. एक खाली बसला की सगळे बसले. असं खरं कुठं होतं? आपल्या डोळ्यादेखत कितीतरी झाडं पाखरं गावातून गेली, जग पडलं का? पोरं येडी नाहीत, त्यांना दिसतं की बेडूक कमी झाले तरी शाळा चालू आहे. म्हणून मग "ते पुस्तकातलं".

खरी गोष्ट अशी की काही गेलं तर फारसं कळत नाही, काही गेलं की वर्षांनी भलत्याच ठिकाणी कळतं. ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्या आज्या-आजोबांना माहीत आहे. गावाबाहेर मेलेली ढोरं टाकायची जागा असायची, तिथं गिधाडं उतरायची आणि बघता बघता सांगाडा करून जायची. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ती संपली. रोगराई असेल, विष असेल, शास्त्रज्ञांनी काय काय शोधलं, आणि २००४ मध्ये कळलं की ढोरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याच्या किडन्या बंद. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर ९९ टक्क्यांहून जास्त घसरली. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली, आता मेलॉक्सिकॅम देतात. पण गिधाडं काय लगेच येत नाहीत, वर्षाला एकच अंडं घालतात. इकडं मढी पडून राहायला लागली आणि मोकाट कुत्र्यांना आयतं खाद्य झालं. ढोराच्या इंजेक्शनाचा संबंध गावातल्या कुत्र्यांशी लागेल हे कुणाच्या डोक्यात आलं असतं का?

लेकरांना गृहपाठ द्या, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा शेवटचं गिधाड कधी बघितलं आणि कुठं. उत्तरं लिहून आणू द्या. तुम्ही काही समजावू नका, उत्तरं एकाखाली एक फळ्यावर लिहा फक्त.

आणि चीनची गोष्ट सांगा, पोरांना आवडते. १९५८ ला तिथल्या सरकारनं उंदीर, माशी, डास आणि चिमणी असे चार शत्रू ठरवले. चिमण्या धान्य खातात म्हणून गावंच्या गावं भांडी बडवत बाहेर पडली, चिमणीला कुठं टेकूच द्यायचं नाही, दमून खाली पडेपर्यंत. नंतर टोळ आणि किडे वाढले तेव्हा कळलं की चिमणी पिल्लांना अळ्याच भरवते. १९६० ला चिमणीचं नाव काढून ढेकणाचं घातलं. त्याच काळात तिथं मोठा दुष्काळ पडला, पण त्याला कारणं पुष्कळ होती, सगळं चिमणीवर ढकलू नका, एवढं मात्र पोरांना सांगा.

---

रातपाळी

त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या गावात रोज रात्री चालू असंल सर. रोही, म्हणजे नीलगाय.

माझा बाप ६४ वर्षांचा आहे, हिवाळ्यात शेतातल्या आखाड्यावर बॅटरी आणि डबडं घेऊन बसतो. रोही आणि रानडुकरं. रात्रभरात हरभऱ्याचा पट्टा साफ. आजा सांगायचा की त्याच्या लहानपणी माळावर लांडगे होते, शेरडं न्यायचे म्हणून लोकांनी एकेक करून संपवले. लांडगा गेला, आता रोह्याला धरणारं कोण आहे? तर गवताला घारीची काय गरज म्हणजे हरभऱ्याला लांडग्याची काय गरज. ज्यांच्या घरातला माणूस जागलीला जातो त्या लेकरांना हे दोन मिनिटांत कळंल. माझं तर शिक्षण बारावी, पण मला हे कळायला पुस्तक लागलं नाही.

---

शंकासूर

@रातपाळी भाऊ, अर्धं बरोबर. पण रोही वाढले ते फक्त लांडगा गेला म्हणून नाही. माळरानं, गायरानं नांगरली, त्यांचं गवत गेलं आणि त्याच्या जागी आपण बाराही महिने हिरवं पीक उभं केलं. त्यांच्या दृष्टीनं ताट वाढून ठेवलंय. दोन्ही सांगा लेकरांना.

---

रातपाळी

ते पण खरं. आमचाच माळ आम्हीच फोडला की २००९ ला.

---

रामलिंगचा_वाटसरू

रोह्यावरून आठवलं. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात २०२४ च्या डिसेंबरात वाघ दिसला ना, तो तिकडं यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा निघाला. शेकडो किलोमीटर चालत आला, मधे सगळी शेती, रस्ते, गावं. आमच्या वर्गात (मी हायस्कूलला आहे, धाराशिव जिल्हा) पोरांनी पहिला प्रश्न काय विचारला, तर "सर तो खात काय होता वाटेत?" ह्याच्यापेक्षा चांगला प्रश्न कुठल्या स्वाध्यायात नाही. दोन तास गेले त्याच्यात. रानडुकरं, रोही, काळवीट, पाणी कुठं, दिवसा लपायला ऊस. एका पोराच्या घरची दोन वासरं बिबट्यानं नेलेली, तो म्हणाला वाघ आपल्या कामाचा नाही. त्याला मी गप्प केलं नाही. त्याचं नुकसान झालंय, त्याला बोलायचा हक्क आहे.

साधं सांगतो, आमच्याकडच्या परीक्षेत ह्यातलं काही विचारत नाहीत. अन्नजाळं काढा, विघटक म्हणजे काय, एका पातळीवरून वरच्या पातळीवर साधारण १० टक्केच ऊर्जा जाते, एवढं पक्कं करून घ्या आणि उरलेला वेळ तुमचा. १० टक्क्यांसाठी कडब्याचा हिशोब घाला पाहिजे तर. म्हशीला दिवसाला कडबा किती, त्यातला किती दूध-मांस झाला आणि किती शेणात, श्वासात, हिंडण्यात गेला. शेतकऱ्याचं लेकरू शेण उचलतं, त्याला अंदाज असतो.

---

पिंगळा

थोडं वेगळं सुचवतो. गावात जुना वाडा, पडकं देऊळ किंवा वापरात नसलेली विहीर असेल तर तिथं गव्हाणी घुबड असायची शक्यता आहे, बदामासारखं पांढरं तोंड असलेलं. खाली जमिनीवर काळपट, अंगठ्याएवढ्या गोळ्या पडलेल्या दिसतात. विष्ठा नाही ती. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस-हाडं गोळी करून तोंडानं टाकतं. ती गोळी आधी कडक उन्हात वाळवायची, मग जंतुनाशक घातलेल्या पाण्यात भिजवायची, हातमोजे घालून काडीनं सोडवायची. उंदरांच्या कवट्या, जबडे, पाय निघतात. एका गोळीत दोन-तीन कवट्या सहज. काळ्या कागदावर चिकटवून ठेवा, मग गुणाकार लेकरंच करतात, रोजचे एवढे तर वर्षाचे किती.

अपशकुनाची अडचण येईल. आमच्याकडं एका आजीनं पोराला घरात घेतलं नाही अंघोळ केल्याशिवाय. अंघोळ चांगलीच आहे म्हणा, वाद घालू नका.

धामणीबद्दल मात्र एक सांगतो. साप मित्र आहे, मित्र आहे असं शिकवू नका हो. लेकराला धामण आणि नाग लांबून ओळखू येत नाही, भल्याभल्यांना येत नाही. घोणस, नाग, मण्यार, फुरसं चारही आपल्याकडं आहेत. "लांब व्हायचं, हात लावायचा नाही, मारायचं नाही, मोठ्या माणसाला सांगायचं", एवढंच शिकवा. आणि सरपण किचनशेडला चिटकून ठेवू नका. तिथं धान्याला उंदीर येतो, उंदरामागं धामण येते. तुमच्या शाळेत अन्नसाखळी फळ्याच्या आधीपासून चालू होती सर!

---

बांधावरची_शाळा

सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय, मधे केंद्राची मिटिंग आणि मग तीन दिवस नेटच नव्हतं.

पिंगळा सर, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी मोबाईल ठेवला आणि सरपण बघून आलो. हलवलंय आता. खालून उंदराची चार बिळं निघाली, लेकरांनी बघितली. कुणी काही बोललं नाही. ज्यानं काठी घातली होती तो लाकडं उचलायला सगळ्यात पुढं होता, त्याचा अर्थ मी लावणार नाही, तो कामाला नेहमीच पुढं असतो.

उंबर फोडलं. पहिल्यांदा चुकलो, पिकलेलं घेतलं, त्यात नुसत्या अळ्या आणि भुंगेरे, पोरी ईईई करून पळाल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी सांगितलं तसं अर्धंकच्चं आणलं, मग निघाली केंबरं. पंख नसलेले नर पण सापडले, पिवळसर, भिंग लागलं त्याला. आमच्या शिवारात उंबरं पाच, एक पडकं धरून.

गिधाडाचा गृहपाठ दिला. ३४ पैकी २१ वह्या आल्या. एक आजोबा म्हणाले धाकट्या लेकीच्या लग्नाच्या वर्षी, एकांनी गोदावरीला मोठा पूर आला होता त्याच्या आसपास, एका आजीनं सांगितलं की बघितली होती पण गेली कधी ते ध्यानातच आलं नाही. हे शेवटचं उत्तर लिहिलं तेव्हा वर्गात शांत झालं थोडं.

ती घारवाली मुलगी. तिला रोह्याचं सांगितलं, रातपाळी भाऊंच्याच शब्दांत. तिचे वडील पण जागलीला जातात. ती म्हणाली, "मग सर बाण उलटा पण काढायचा का?" पुस्तकात बाण गवताकडून घारीकडं जातो, बरोबरच आहे, ऊर्जा तशीच जाते. आता मी फळ्यावर दोन रंगाचे खडू वापरतोय, पांढरा बाण कोण कुणाचं पोट भरतं, लाल बाण कोण कुणाला आवरतं. रामलिंगचे सर, परीक्षेत पांढराच काढायचा हे तीनदा बजावून सांगितलंय, घाबरू नका.

ते पालक परत भेटले. तुरीत चादरीचा प्रयोग त्यांच्याच रानात करू का म्हणून विचारलं, बघू म्हणाले. ताई, हरभऱ्याच्या गाठी अजून बारीक आहेत, पेरणी उशिरा झाली इकडं. येळवस (वेळ अमावस्येला रानात जेवायचा सण) आमच्याकडं तुमच्यासारखी करत नाहीत, पण डिसेंबरअखेर लेकरांना घेऊन रानातच जेवायचा बेत आहे, तेव्हा उपटून बघतो.

---

काळ्या_रानाची

पाणी दिल्यावर दोन दिवसांनी उपटा सर, कोरड्यात ओढलं तर गाठी मातीतच राहतात. आणि येळवसेला आमच्याकडं या की, भज्जी-आंबील खाऊन जा.